आयत्या बिळावर नागोबा?

३ जुलै २०२४, बुधवार. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजत आलेले. चर्चगेटहून सुटलेल्या गाड्या या वेळेला विरारला रिकाम्या होत असतात आणि स्टेशनच्या पूर्वेला चंदनसारकडे जाणाऱ्या रिक्षांसाठी झुंबड असते. त्याच वेळी फ्रान्समधल्या सँ-वुल्बा या आडगावात एकोणचाळीस वर्षांचा, बसक्या बांध्याचा एक सायकलपटू शेवटच्या किलोमीटरमध्ये शिरला होता. मार्क कॅव्हेंडिश. टूर द फ्रान्सचा पाचवा टप्पा, १७७ किलोमीटर. त्यातला बहुतेक वेळ कॅमेऱ्याने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. शेवटी मात्र तो एका चाकामागून दुसऱ्या चाकामागे सरकत गेला, समोर फट दिसताच डोकं जवळजवळ हँडलला टेकवून बाहेर पडला आणि यास्पर फिलिप्सनला सायकलभर अंतराने मागे टाकून रेषा ओलांडली. टूरमधला त्याचा हा ३५ वा विजय. एडी मर्क्सचा ३४ विजयांचा विक्रम १९७५ पासून उभा होता. तो त्या रात्री मोडला.

सायकल शर्यतींशी फारसा संबंध नसलेल्या माणसाला ही चित्रफीत दाखवली, की एक शंका हमखास येते. म्हणजे चार तास बाकीच्यांनी मरमर मरायचं, वारा अंगावर घ्यायचा, आणि हा शेवटच्या दोनशे मीटरला मागून येऊन हार गळ्यात घालून घेणार? आयत्या बिळावर नागोबाच की हा!

शंका प्रामाणिक आहे, आणि तिचं मूळ आपल्या आवडीनिवडीत आहे. मराठी माणसाला सायकलीवरचा पराक्रम आवडतो तो लांब पल्ल्याचा आणि एकट्याने सोसण्याचा. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटातून ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पुरी केली, तेव्हा त्यांचं कोण कौतुक झालं. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच सुमारे पाच हजार किलोमीटरची शर्यत एकट्याने केली आणि पुढच्या वर्षी सैबेरिया ओलांडला. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने विशीत पृथ्वीप्रदक्षिणा घातली. पुणे-गोवा ‘डेक्कन क्लिफहँगर’, दोनशे-तीनशे-चारशे-सहाशे किलोमीटरच्या ‘बीआरएम’ सायकलफेऱ्या, या सगळ्यांत घड्याळ असतं, पण खरी कसोटी तग धरण्याची. शिवाय रेस अॅक्रॉस अमेरिकामध्ये दुसऱ्याच्या चाकामागे राहून वारा चुकवणं नियमबाह्य आहे. सोसायचं ते स्वतःचं स्वतः.

आपली जुनी आणि नावाजलेली रस्त्यावरची शर्यत मुंबई-पुणे. तिच्यातही लोकांच्या तोंडी राहिला तो ‘घाटाचा राजा’. पुण्यात पहिलं कोण आलं हे विसरणारे लोक बोरघाट पहिला कोणी चढला हे सांगतात. वारी पायी करणाऱ्या आणि गड चढून जाणाऱ्या मुलखात चढणाऱ्याला मान मिळणारच. सपाटीवर शेवटच्या दहा-बारा सेकंदांत सगळं उरकणारा माणूस आपल्या नजरेत भरत नाही.

म्हणून हा लेख त्या सपाटीवरच्या माणसाविषयी.

आधी वाऱ्याचं गणित. सपाट रस्त्यावर ताशी चाळीसच्या पुढे गेलं, की सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा फाडण्यातच जाते. पुढच्याच्या चाकामागे राहिलं, तर हा खर्च कितीतरी कमी होतो. बर्ट ब्लोकेन या अभियंत्याच्या गटाने २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोळक्याच्या पोटात, मागच्या बाजूला असलेल्या स्वाराला हवेचा जो विरोध होतो, तो एकट्याने जाणाऱ्याला होणाऱ्या विरोधाच्या जेमतेम ५ ते १० टक्के भरतो, असं त्यात निघालं. थोडक्यात, आत बसलेला माणूस घोळक्याच्या वेगाने जातो, पण पाय मारतो ते संध्याकाळी फिरायला निघाल्यासारखे.

मग सगळेच आत का बसत नाहीत? कारण शेवटी बाहेर पडावं लागतं, आणि कधी पडायचं यातच सगळी गोम आहे. विरार फास्टमध्ये चढून अंधेरीला उतरू पाहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. दादरच्या आधीच दारात जाऊन उभं राहिलं, तर दादरची गर्दी बाहेर तरी काढते नाहीतर परत आत तरी रेटते. वांद्र्यानंतर हलायला सुरुवात केली, तर अंधेरी मागे पडते आणि आपण बोरिवलीपर्यंत लोकांच्या शिव्या खात बसतो. नेमक्या वेळी, नेमक्या बाजूला, दोन माणसांमधल्या नेमक्या फटीत खांदा घालायचा असतो. फरक इतकाच, की तिकडे ही सगळी घुसाघुशी ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगात चालते, अंगात पातळ कपड्याखेरीज काही नसतं, आणि खाली डांबर.

या कामासाठी संघातली माणसं नेमलेली असतात. एकामागे एक लागून ती आगगाडी करतात. पहिला आपली ताकद संपेपर्यंत ओढतो आणि बाजूला होतो, मग दुसरा, मग तिसरा. शेवटचा डबा म्हणजे स्प्रिंटर. त्याच्या लगेच पुढचा, ज्याला ‘लीड-आउट’ म्हणतात, तो रेषेच्या दोनशे मीटर अलीकडे त्याला मोकळ्या वाऱ्यात सोडतो. बक्षिसाची रक्कम संघात वाटून घ्यायची रीत आहे. नाव मात्र एकाचंच लागतं.

कॅव्हेंडिशचा हा पुढचा डबा बरीच वर्षं मार्क रेनशॉ होता. ऑस्ट्रेलियाचा. २००९ च्या टूरच्या अखेरच्या दिवशी पॅरिसच्या शाँझेलिझेवर रेनशॉने वेग एवढा चढवला होता, की कॅव्हेंडिश पहिला आला आणि पुढे ओढून आणणारा रेनशॉच दुसरा. बाकी सगळे मागे, चित्रात नावाला. ओढणाऱ्याने दुसरं यावं हे स्प्रिंटच्या इतिहासात क्वचित घडतं. दुसऱ्या वर्षी, २०१० मध्ये, बूर्ग-ले-व्हालान्सला शेवटच्या मीटरांत न्यूझीलंडच्या ज्युलियन डीनने कोपर लावलं म्हणून रेनशॉने त्याला डोक्याने ढुशा दिल्या, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. टप्पा कॅव्हेंडिशने जिंकला. रेनशॉला त्याच संध्याकाळी शर्यतीतून काढून टाकलं. त्यानंतर त्याच्याशिवायही कॅव्हेंडिशने बोर्दो आणि पॅरिस जिंकलं, हेही सांगायला हवं. नागोबा आपलं बीळ स्वतःही खणू शकत होता.

हा मनुष्य आला कुठून? आयर्लंड आणि इंग्लंड यांच्या मधोमध आयल ऑफ मॅन नावाचं बेट आहे, तिथल्या डग्लसमध्ये २१ मे १९८५ चा त्याचा जन्म. शाळा संपल्यावर पैसे साठवण्यासाठी त्याने दोनेक वर्षं बँकेत नोकरी केली. ब्रिटिश सायकलिंगच्या अकादमीत निवडीसाठी प्रयोगशाळेतल्या स्थिर सायकलीवर चाचणी घेतली, तर आकडे सामान्य. वॉटमध्ये मोजायचं, तर त्याच्यापेक्षा जास्त ताकद लावणारे स्प्रिंटर पुढेही कायम होते. जर्मनीचा आंद्रे ग्रायपेल, ज्याला ‘गोरिला’च म्हणत, त्यातलाच. पण प्रशिक्षक रॉड एलिंगवर्थने आकड्यांपलीकडे काहीतरी पाहिलं आणि पोराला घेतलं. प्रयोगशाळेत वारा नसतो. रस्त्यावर कॅव्हेंडिश इतका खाली वाकून सायकल हाणायचा, की कमी वॉटमध्येही तो अधिक वेगाने जायचा. शिवाय शेवटच्या पाच किलोमीटरमधलं प्रत्येक वळण त्याला तोंडपाठ असायचं. यंत्रावर हे कसं मोजणार?

२००८ मध्ये शातोरू या गावी टूरचा पहिला विजय. त्या वर्षी चार, पुढच्या वर्षी सहा, मग पाच, पुन्हा पाच. २००९ मध्येच मिलान-सान रेमो ही जवळपास तीनशे किलोमीटरची शर्यत त्याने जिंकली ती काही सेंटिमीटरांनी. २०११ मध्ये हिरवी जर्सी आणि कोपनहेगनला विश्वविजेतेपद. हिरवी जर्सी म्हणजे गुणांची. पिवळी एकूण वेळेत पहिल्याची असते, हिरवी रोजच्या क्रमांकावरून ठरते. ती १९५३ साली सुरू झाली आणि बहुतांशी स्प्रिंटरांच्या वाट्याला येते.

आता या पेशाचा तो भाग, जो टीव्हीवर सर्वांत कमी दिसतो. टूर तीन आठवड्यांची असते, तिच्यात आल्प्स आणि पिरेनीज असतात. शाँझेलिझेवर झेप घ्यायची, तर आधी हे डोंगर ओलांडून तिथवर पोचावं लागतं, आणि तेही वेळेत. दर टप्प्याला पहिल्याच्या वेळेवर अमुक टक्के अशी कमाल मर्यादा असते. ती चुकली, की दुसऱ्या दिवशी घरी. स्प्रिंटर चढाला जड. म्हणून मागे पडलेले सगळे मिळून एक टोळी करतात, इटालियनमध्ये तिला ‘ग्रुपेटो’ म्हणतात. काही मिनिटं राखून, मर्यादेच्या आत, कुथत-कण्हत ही टोळी पोचते. कॅव्हेंडिशचा ऑस्ट्रियन साथीदार बर्नहार्ड आयझेल या हिशेबात पटाईत. कोणत्या घाटाला किती मिनिटं गेली तरी चालतील, उतारावर किती भरून काढता येतील, हे मनात मांडत तो कॅव्हेंडिशला डोंगरांवरून अक्षरशः हाकत न्यायचा.

सगळेच काही हे सोसत नसत. इटलीच्या मारिओ चिपोल्लिनीने टूरचे बारा टप्पे जिंकले, पण टूर एकदाही पूर्ण केली नाही. डोंगर दिसला की स्वारी समुद्रकिनारी. लोकांना त्याच्या नखऱ्यांचं कौतुक होतं. मला विचाराल, तर डोंगरात शेवटच्या क्रमांकाने येऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा खोगिरावर बसणारा कॅव्हेंडिश अधिक मोठा. घाटाचा राजा एकच असतो. घाट कसाबसा ओलांडणाऱ्यांनाही एखादा किताब असायला हरकत नव्हती.

ज्या टूरमध्ये विक्रम झाला, तिचा पहिला दिवस आठवा. २९ जून २०२४, फ्लॉरेन्स ते रिमिनी, उकाडा आपल्या मे महिन्यासारखा. सुरुवातीच्याच चढांवर कॅव्हेंडिश मागे पडला, त्याला उलट्या होऊ लागल्या. शर्यत पुढे निघून गेली. अस्ताना संघातले त्याचे साथीदार थांबले, त्याला मधे घेतलं, पाणी पाजलं, ओतलं आणि मर्यादेच्या आत रिमिनीला आणून पोचवलं. त्या दिवशी त्यांनी त्याला सोडलं असतं, तर पाचव्या दिवशीचं काहीच घडलं नसतं. मुळात बिळाचा मालक कोण, हा प्रश्न इथे जरा अवघड होतो.

त्याआधी, २०१३ नंतर, कॅव्हेंडिशच्या कारकिर्दीला उतार लागला होता. २०१४ ला टूरच्या पहिल्याच टप्प्यात, त्याची आई ज्या गावची त्या हॅरोगेटला, तो रेषेजवळ पडला आणि खांदा निखळला. २०१६ मध्ये चार विजय आणि कारकिर्दीत पहिल्यांदाच पिवळी जर्सी, रिओ ऑलिंपिकच्या ट्रॅकवर रौप्य. मग एपस्टाइन-बार विषाणूने गाठलं. शरीर बाहेरून धडधाकट, आत दम नाही. २०१७ मध्ये पीटर सागानशी धडक, खांद्याचं हाड मोडलं. २०१८ मध्ये आल्प्सच्या एका छोट्याशा, एकशेआठ किलोमीटरच्या टप्प्यावर कॅव्हेंडिश वेळेची मर्यादा चुकला, आणि त्याच दिवशी रेनशॉही, आणि जर्मनीचा मार्सेल किटेलही. टूरचे चौदा टप्पे जिंकलेला किटेल पुढच्या वर्षी एकतिसाव्या वर्षी सायकल टांगून मोकळा झाला. कॅव्हेंडिशला नैराश्याचं निदान झालं, जे त्याने नंतर उघडपणे सांगितलं. ऑक्टोबर २०२० मध्ये गेंट-वेव्हेल्गेम शर्यतीनंतर कॅमेऱ्यासमोर तो रडला. ही बहुधा आपली शेवटची शर्यत, असं म्हणाला.

पुढच्या मोसमासाठी त्याला कोणी विचारत नव्हतं. जुन्या संघाने, बेल्जियमच्या क्विक-स्टेपने, अगदी किरकोळ पगारावर घेतलं. टूरसाठी त्याची निवडही नव्हती. संघाचा स्प्रिंटर सॅम बेनेट याचा गुडघा दुखावला म्हणून ऐनवेळी याला बोलावलं. २९ जून २०२१, फुजेर. पाच वर्षांनी टूरचा टप्पा. मग शातोरू, व्हालान्स, कार्कासोन. मर्क्सशी बरोबरी झाली आणि हिरवी जर्सीही मिळाली. पुढे ओढायला डेन्मार्कचा मिकेल मोर्कोव होता, या कामातला त्या काळातला उस्ताद.

आणि लगेच २०२२ मध्ये त्याच संघाने त्याला वगळलं. कारण फाबियो याकोब्सन. स्प्रिंटरच्या धंद्यात काय पणाला लागतं, ते या डच पोराकडे पाहून कळतं. ५ ऑगस्ट २०२०, पोलंडमधलं कातोवित्से, उतारावरची शेवटची रेष, वेग ताशी ऐंशीच्या घरात. डिलन ग्रोनेवेगेन आपली ओळ सोडून बाजूला सरकला आणि याकोब्सन कठड्यांत जाऊन आदळला. त्याला कृत्रिम कोमात ठेवावं लागलं, चेहऱ्यावर शंभराहून अधिक टाके, दात जवळजवळ सगळे गेले. ग्रोनेवेगेनवर नऊ महिन्यांची बंदी. २०२१ मध्ये याकोब्सनने स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीचे तीन टप्पे आणि गुणांची जर्सी जिंकली. २ जुलै २०२२ ला टूरमध्ये डेन्मार्कच्या न्यूबोर्गला तो पहिला आला. दुसऱ्याच दिवशी, सोनरबोर्गला, पहिला आला ग्रोनेवेगेन. कादंबरीत कोणी असं लिहिलं, तर संपादक कापून टाकेल.

तर त्या वर्षी क्विक-स्टेपकडे स्प्रिंटरची जागा एक आणि माणसं दोन. त्यांनी याकोब्सनला नेलं. निर्णय कठोर, पण मला तो चुकीचा वाटत नाही. एका आगगाडीला शेवटचे डबे दोन नसतात.

आता घराकडे. चंदनसारहून निघालेला रस्ता कणेरवरून शिरसाडला मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. रविवारी पहाटे या महामार्गावर हेल्मेटवाली टोळकी दिसतात, मनोरच्या दिशेने नाहीतर शिरसाडला वळून मांडवी, पारोळ, वज्रेश्वरीकडे जाणारी. सायकली लाखालाखाच्या, मागचे लाल दिवे लुकलुकणारे. त्याच कडेने दूधवाले आणि कारखान्याच्या पाळीला निघालेले कामगार, त्यांच्या सायकलींना मात्र दिवा नाही. शेजारून ट्रेलर आणि टँकर जातात, तेव्हा सायकल हलते. काँक्रिटीकरणाच्या काळात इथे दोन पट्ट्यांमधल्या उंचवट्याने आणि कोंडीने सगळ्यांचाच जीव काढला. टोळक्यातले लोक ‘ड्राफ्टिंग’ जाणतात, आळीपाळीने पुढे येतात. पण पूर्ण ताकदीनिशी, एकमेकांना खेटून, शेवटच्या तीन किलोमीटरची झुंज कुठे शिकायची? या रस्त्यावर तसा प्रयत्न करणाऱ्याला शहाणा म्हणता येणार नाही.

स्प्रिंटर एकट्याने तयार होत नाही, त्याला शर्यती लागतात, दर आठवड्याला, आणि पन्नास-शंभर जणांचा घोळका. आफ्रिकेतल्या एरिट्रियाचं उदाहरण घ्या. देश गरीब, लोकसंख्या थोडी, पण इटालियन अमलात सायकल शर्यती आल्या त्या तिथेच मुरल्या. राजधानी अस्माराच्या रस्त्यांवर शर्यत म्हणजे सणच. तिथला बिनियाम गिर्मे, जन्म २००० चा. पुढे स्वित्झर्लंडमधल्या एग्लच्या जागतिक सायकलिंग केंद्रात त्याला तालीम मिळाली. सँ-वुल्बाच्या दोन दिवस आधी, १ जुलै २०२४ रोजी, तुरिनला तो टूरचा टप्पा जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी ठरला. त्या टूरमध्ये त्याने तीन टप्पे जिंकले आणि हिरवी जर्सीही नेली. म्हणजे पैशाचीच अडचण आहे, असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

आपल्याकडे पाय नाहीत असंही नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय सायकल संघात रोहिंटन नोबल, एरच मिस्त्री, जहांगू अमीन अशी पारशी नावं ठळक होती. १९६४ च्या टोकियोनंतर मात्र एकही भारतीय सायकलपटू ऑलिंपिकला गेलेला नाही. पण २०१९ मध्ये जर्मनीत कनिष्ठ गटाच्या ट्रॅक विश्वस्पर्धेत ‘टीम स्प्रिंट’चं सुवर्ण भारताने जिंकलं. निकोबारचा एसो अल्बेन, मणिपूरचे रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग. लाकडी ट्रॅक, ठरलेलं अंतर, बंद दार. दिल्लीच्या वेलोड्रोममध्ये याची तयारी जमवता आली. पुण्याला बालेवाडीतही वेलोड्रोम आहे. रस्त्यावरचं मात्र अजून जमलेलं नाही, कारण रस्ता अडवायला पोलीस, पालिका, जिल्हाधिकारी आणि चिडलेले वाहनचालक या सगळ्यांची संमती लागते. देशात रस्त्यावरचे चांगले सायकलपटू बहुतेक करून सैन्यदलांत किंवा रेल्वेत दिसतात. नोकरी लागली की खेळाचा हेतू साध्य झाला, असं घरच्यांना वाटतं. त्यांचं काही चुकत नाही. वर चढायला पुढची पायरीच नसेल, तर मिळालेली खुर्ची सोडायची कशाला?

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ झाली, आंतरराष्ट्रीय महासंघाच्या दिनदर्शिकेतली, चारशेहून अधिक किलोमीटरची टप्प्यांची शर्यत. परदेशी संघ आले, रस्ते अडवले गेले, डांबर नवं पडलं. वर्षातून एकदाची शर्यत स्प्रिंटर घडवत नाही, पण घोळका म्हणजे काय हे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या शाळकरी पोरांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यातलं एखादं पोर चढाला मागे पडणारं आणि सपाटीला उधळणारं असेल. त्याच्या शिक्षकांनी त्याला आळशी ठरवू नये, एवढं झालं तरी पुष्कळ.

१० नोव्हेंबर २०२४ ला सिंगापूरच्या एका प्रदर्शनी शर्यतीत कॅव्हेंडिश शेवटचा उतरला. बाकीच्यांनी दुतर्फा उभं राहून त्याला मानवंदना दिली, आणि जिंकला तोच. अशा शर्यतींत कोण जिंकणार याचा अंदाज सगळ्यांनाच असतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. तोवर त्याला ‘सर’ किताब मिळाला होता आणि खात्यावर १६५ व्यावसायिक विजय होते. मोर्कोवही त्याच मोसमाअखेर थांबला. सँ-वुल्बाच्या दिवशी अस्तानाच्या ताफ्यात, संघाच्या मार्गदर्शकांत, रेनशॉ होता. टूर द फ्रान्समध्ये त्याच्या स्वतःच्या नावावर जिंकलेले टप्पे शून्य आहेत.